शंभरातून सात वजा

शंभरातून सात वजा केले की त्र्याण्णव उरतात. त्यातून पुन्हा सात गेले की शहाऐंशी. मग एकोणऐंशी, बहात्तर आणि पासष्ट. रोकड मोजण्यात आणि खतावण्या जुळवण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना ही वजाबाकी म्हणजे पोरखेळ वाटेल. परंतु गेली पन्नास वर्षे जगभरातील दवाखान्यांत वृद्धांच्या स्मरणशक्तीची पारख करताना हा प्रश्न विचारला जात आहे आणि त्याच्या उत्तरावर तीसपैकी पाच गुण अवलंबून आहेत. ज्या आजींनी शाळेची पायरी कधी चढली नाही, पण चाळीस वर्षे बाजारात भाजी विकताना ज्या एका पैशानेही फसल्या नाहीत, त्या या प्रश्नापाशी येऊन थबकतात. त्यांचे पाच गुण जातात. ते स्मृती गेल्यामुळे गेले की शाळा न मिळाल्यामुळे, हे कागदावरच्या बेरजेवरून कळत नाही.

आपल्या देशात हा प्रश्न थोड्याथोडक्यांचा नाही. १९५१ च्या जनगणनेत भारतातील साक्षरतेचे प्रमाण १८.३३ टक्के होते आणि स्त्रियांमध्ये ते जेमतेम ८.८६ टक्के होते. त्या सुमारास जन्मलेली मुले-मुली आज पंचाहत्तरीच्या घरात आहेत. २०११ च्या जनगणनेतही साठीपुढील व्यक्तींपैकी सुमारे ४४ टक्केच साक्षर आढळल्या; स्त्रियांमध्ये हे प्रमाण २८ टक्के होते. स्मृतिभ्रंशाचा धोका वयाबरोबर वाढत जातो. म्हणजे ज्या पिढीला तपासणीची सर्वाधिक गरज आहे, तीच पिढी पाटी-पेन्सिलीला सर्वांत कमी सरावलेली आहे.

तीस गुणांची परीक्षा

१९७५ मध्ये अमेरिकेतील मार्शल फोलस्टाइन, सुझन फोलस्टाइन आणि पॉल मॅकह्यू या तिघांनी ‘मिनी-मेंटल स्टेट एक्झामिनेशन’ नावाची एक छोटी चाचणी प्रसिद्ध केली. रुग्णालयातील डॉक्टरांना रुग्णाच्या बौद्धिक अवस्थेचा अंदाज पाच-दहा मिनिटांत घेता यावा, हा तिचा हेतू होता. तो इतका सफल झाला की ‘एमएमएसई’ ही चार अक्षरे या क्षेत्रात सर्वतोमुखी झाली. चाचणीची मांडणी साधी आहे. वर्ष, ऋतू, महिना, तारीख आणि वार यांचे पाच गुण. आपण कोठे आहोत, हे सांगण्याचे पाच. तीन वस्तूंची नावे ऐकून लगेच म्हणून दाखवण्याचे तीन आणि थोड्या वेळाने ती पुन्हा आठवण्याचे तीन. वर सांगितलेल्या वजाबाकीचे, किंवा तिच्याऐवजी एक इंग्रजी शब्द उलट्या क्रमाने अक्षरे सांगून दाखवण्याचे, पाच. दाखवलेल्या दोन वस्तूंची नावे सांगणे, एक वाक्य जसेच्या तसे म्हणणे, कागद हातात घेऊन त्याची घडी घालून ठेवणे, लिहिलेली सूचना वाचून त्याप्रमाणे डोळे मिटणे, मनाने एक वाक्य लिहिणे, आणि एकमेकांत गुंतलेल्या दोन पंचकोनांची आकृती पाहून काढणे, यांचे उरलेले नऊ.

एकूण गुण तीस. चोवीसपेक्षा कमी मिळाले तर पुढील तपासणी आवश्यक, असा प्रघात पडला. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ही चाळणी परीक्षा आहे, निदान नव्हे. धान्य चाळून खडे वेगळे काढावेत आणि मग ते हातात घेऊन पाहावेत, तसा हा प्रकार. पण धावपळीच्या बाह्यरुग्ण विभागात चाळणीत अडकलेल्या प्रत्येक कणाला खडा समजले जाण्याचा धोका असतोच. नातेवाइकांच्या मनात तर तो आकडा कोरला जातो. “आईला तीसपैकी एकोणीस पडले,” हे वाक्य घरी पोहोचते, तेव्हा त्यातील ‘चाळणी’ हा शब्द वाटेतच गळालेला असतो.

चाचणीतील ही उणीव फार काळ लपून राहिली नाही. १९८२ मध्ये जेम्स अँथनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांवर ही चाचणी पारखून पाहिली. खरोखर बौद्धिक बिघाड असलेल्यांपैकी ८७ टक्के रुग्ण तिने अचूक पकडले. मात्र ज्यांच्यात बिघाड नव्हता, तरी जे चाचणीत नापास झाले, त्यांच्याविषयीचे निरीक्षण बोलके होते : त्या सर्वांचे शिक्षण नऊ वर्षांपेक्षा कमी झालेले होते.

पुढे १९९३ मध्ये रोझा क्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पाच ठिकाणच्या १८,०५६ प्रौढांचे गुण वय आणि शिक्षण यांनुसार मांडले. नऊ किंवा त्याहून अधिक वर्षे शाळेत गेलेल्यांचा मध्यांक २९ होता, पाच ते आठ वर्षे गेलेल्यांचा २६ आणि चार वर्षांपर्यंतच गेलेल्यांचा २२. हे रुग्णालयातले रुग्ण नव्हते, गावात-शहरात राहणारी माणसे होती. चोवीसची रेघ ओढली, तर अल्पशिक्षितांपैकी निम्म्याहून अधिक माणसे रेघेखाली जात होती.

बँकेतल्या माणसाला आकडेमोड करून पाहण्याचा मोह आवरत नाही; तेव्हा ती करून पाहू. वजाबाकीचे पाच, वाचनाचा एक, लेखनाचा एक आणि आकृतीचा एक असे आठ गुण थेट शाळेचे आहेत. एखाद्या अशिक्षित व्यक्तीने बाकी सर्व प्रश्नांची बिनचूक उत्तरे दिली, तरी तिची मजल बाविसाच्या पुढे जात नाही. पैकीच्या पैकी स्मृती आणि तरीही नापास!

शाळा न सांगता काय शिकवते

हे आठ गुण सोडून दिले म्हणजे प्रश्न मिटला, असे मात्र नाही. शाळेचा ठसा लिहिण्या-वाचण्यापेक्षा पुष्कळ खोल असतो, आणि तो कोठे कोठे उमटतो हे शोधण्यात संशोधकांनी घेतलेले कष्ट वाचण्यासारखे आहेत.

रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया १९३१ आणि १९३२ मध्ये उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेले होते. त्यांनी निरक्षर शेतकऱ्यांना हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका अशी चार चित्रे दाखवली आणि यांतील वेगळे कोणते, असे विचारले. शाळेत गेलेला मुलगा चटकन ओंडका बाजूला काढतो, कारण उरलेली तिन्ही अवजारे आहेत. शेतकऱ्यांना हे पटेना. ओंडकाच नसेल तर करवत आणि कुऱ्हाड घेऊन करायचे काय? उत्तरेकडील बर्फाच्या प्रदेशातील सर्व अस्वले पांढरी असतात, अमुक ठिकाण त्या प्रदेशात आहे, तर तेथील अस्वलांचा रंग कोणता, असे विचारल्यावर आपण ती पाहिलेली नाहीत, ज्याने पाहिली असतील त्याला विचारावे, अशा आशयाची उत्तरे मिळाली. या उत्तरांत बुद्धीची वाण कोठेच नाही. उलट, न पाहिलेल्या गोष्टीबद्दल बोलू नये, ही सावधगिरी आहे. विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असताना तो केवळ आपली परीक्षा पाहण्यासाठी प्रश्न विचारतो आणि आपणही मुकाट्याने उत्तर द्यायचे असते, हा शिरस्ता माणूस शाळेतच शिकतो. खेड्यातील आजींना डॉक्टरांनी “आजी, आज तारीख काय?” असे विचारले, तर “तुमच्या मागं कॅलेंडर आहे की, बाबा,” असे उत्तर येऊ शकते, आणि व्यवहाराच्या दृष्टीने तेच योग्य उत्तर होय. काल संकष्टीचा उपास झाला, म्हणजे आज पंचमी, हे त्यांना पक्के ठाऊक असते. मूळ उत्तरपत्रिकेत त्या पंचमीला जागा नाही.

पोर्तुगालमधील अभ्यास याहून बारकाईचे आहेत. दक्षिण पोर्तुगालच्या एका मच्छीमार गावात पूर्वी घरातील थोरल्या मुलीला घरकामासाठी घरीच ठेवत आणि धाकट्या बहिणींना शाळेत पाठवत. एकाच घरात, एकाच अन्नावर वाढलेल्या दोन बहिणी, एक साक्षर आणि एक निरक्षर. संशोधकांना याहून नेमकी तुलना मिळणे अवघड होते. अलेक्सांद्रे कास्त्रो-काल्दास, अलेक्सांद्रा रेइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून येथे जे पाहिले, ते थोडक्यात असे : खरे शब्द ऐकून पुन्हा म्हणण्यात दोन्ही गट सारखेच होते; पण अर्थहीन, बनावट शब्द म्हणताना निरक्षर स्त्रिया अडखळत. शब्दाचे ध्वनीत तुकडे पाडण्याची सवय अक्षरओळखीतून येते. प्रत्यक्ष वस्तू हातात दिली, तर तिचे नाव दोघीही सारख्याच सहजतेने सांगत. त्याच वस्तूचे रेखाचित्र दाखवले की निरक्षर स्त्री मागे पडे. कागदावरच्या चार रेघांत कात्री पाहणे, ही शिकून आलेली दृष्टी आहे.

सर्वांत उद्बोधक निष्कर्ष आहे तो शब्द आठवण्याचा. एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावे आठवतील तितकी सांगा, हा स्मृती-तपासणीतील नेहमीचा प्रश्न. त्यात शिकलेल्या स्त्रिया पुढे गेल्या. मग प्रश्न बदलून, बाजारात मिळणाऱ्या खाण्याच्या वस्तू सांगा, असे विचारले. तेव्हा दोन्ही गटांतील अंतर नाहीसे झाले. डोके तेच, मिनिट तेवढेच. फक्त विषय शाळेच्या पुस्तकातून उचलून रोजच्या पिशवीत आणून ठेवला होता.

वजाबाकीचेही तसेच. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ आणि फळे विकणाऱ्या मुलांचा एक छोटासा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधक गिऱ्हाईक होऊन गेले तेव्हा मुलांचे ९८ टक्के हिशेब बरोबर आले. पस्तीसचा एक नारळ, तर दहांचे किती? मुलाने तिनातिनांचे ढीग कल्पून एकशे पाच, दोनशे दहा, तीनशे पंधरा असे मोजत साडेतीनशेवर नेऊन सोडले. तीच गणिते नंतर कागदावर नुसत्या आकड्यांत मांडून दिली, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ३७ टक्क्यांवर घसरले. आपल्याकडे कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयीचा, याच स्वरूपाचा पण बराच मोठा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याचाही रोख हाच होता. बाजारातले गणित आणि वहीतले गणित ही दोन वेगळी खाती आहेत. एकातली शिल्लक दुसऱ्यात आपोआप वर्ग होत नाही.

बल्लभगढचा प्रयोग

दिल्लीच्या दक्षिणेस, हरयाणातील फरिदाबाद जिल्ह्यात बल्लभगढ आहे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प तेथे अनेक दशके चालू आहे. १९९० च्या दशकात भारत आणि अमेरिका यांच्या संयुक्त संशोधनासाठी या परिसरातील खेडी निवडण्यात आली. डॉ. विजय चंद्रा, पिट्सबर्ग विद्यापीठातील डॉ. मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे पहिलाच पेच असा उभा राहिला, की पंचावन्न वर्षांवरील या लोकसंख्येपैकी ७३ टक्के माणसे निरक्षर होती. तीस गुणांची ती परीक्षा जशीच्या तशी घेतली असती, तर निम्मे गाव स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले ठरले असते.

तेव्हा परीक्षाच नव्याने घडवण्यात आली. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेली ही हिंदी आवृत्ती ‘एचएमएसई’ या नावाने ओळखली जाते. केवळ भाषांतर करून भागले नसते, हे तिच्यातील एकेका बदलावरून दिसते. सातची वजाबाकी गेली आणि तिच्या जागी आठवड्याचे वार उलट्या क्रमाने सांगणे आले. लक्ष एकवटून मनात एक साखळी धरून ठेवणे हाच मूळ प्रश्नाचा गाभा होता, आणि त्याला वार पुरेसे होते. ‘डोळे मिटा’ ही लेखी सूचना वाचण्याऐवजी, माझ्या चेहऱ्याकडे पाहा आणि मी करतो तसे करा, असे सांगून परीक्षकाने स्वतः डोळे मिटायचे. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी एक वाक्य बोलायचे. रुग्णालयाचा मजला विचारण्याऐवजी गावाचे टपाल कार्यालय कोणते आणि जिल्हा कोणता, हे विचारायचे. लक्षात ठेवण्याचे तीन शब्द होते आंबा, खुर्ची आणि नाणे. दोन पंचकोनांऐवजी सोपी आकृती घेतली गेली, तरीही ज्या हाताने कधी पेन्सिल धरली नाही त्या हाताला ती जडच गेली.

याच्या जोडीला त्याच प्रकल्पात एक वेगळी प्रश्नावली तयार झाली, आणि या सगळ्या उद्योगातील ती सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणता येईल. ती वृद्ध व्यक्तीला काहीच विचारत नाही, घरातल्यांना विचारते. नुकतेच जेवण झाल्याचे यांना आठवते ना? गावात वाट चुकतात का? होळी-दिवाळीसारखे सण लक्षात असतात का? निरोप सांगितला तर तो पोहोचवतात का? गावातील लग्नकार्ये, आपत्ती, राजकारण यांवर नीट बोलतात का? या प्रश्नांना शाळेची गरज नाही. सूनबाईंना त्यांची उत्तरे एखाद्या तज्ज्ञापेक्षा अधिक ठाऊक असतात.

अशा रीतीने चाळून आणि मग प्रत्यक्ष तपासून १९९८ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांनी अनेकांना चकित केले. ५,१२६ व्यक्तींच्या पाहणीत पासष्टीपुढील लोकांमध्ये अल्झायमरचे प्रमाण १.०७ टक्के निघाले. तोवर जगात नोंदलेल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी ते एक होते. यामागे कमी आयुर्मान असेल, आनुवंशिक कारणे असतील, इतर काही असेल. त्यावर चर्चा झाली आणि होत राहील. पण ज्या गावांत मूळ परीक्षेने रोगाची साथ दाखवली असती, त्याच गावांत नीट पाहिल्यावर तो विरळा ठरला, एवढे खरे.

याच काळात शांघायमध्ये रॉबर्ट कॅट्झमन आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी दुसरा मार्ग चोखाळला. त्यांनी उत्तीर्णतेच्या रेघाच तीन केल्या : शाळेत न गेलेल्यांसाठी सतरा, प्राथमिक शिक्षण झालेल्यांसाठी वीस आणि त्यापुढील शिक्षणासाठी चोवीस. २००५ मध्ये माँट्रियल येथे तयार झालेल्या आणि आता सर्वत्र प्रचलित असलेल्या ‘मोका’ चाचणीत बारा किंवा त्याहून कमी वर्षे शिकलेल्यांना एक जादा गुण देतात. ज्या आजींनी आयुष्यात घन काढलेला नाही, त्यांना ही एका गुणाची सवलत म्हणजे दुष्काळात ओंजळभर पाणी. पुढे २०१५ मध्ये निरक्षरांसाठी त्याच चाचणीची स्वतंत्र आवृत्ती काढावी लागली, ती त्यामुळेच.

पदवीचा आडोसा

येथवर वाचून अल्पशिक्षितांवरच अन्याय होतो, असा समज होईल. दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे, आणि या मासिकाच्या अनेक वाचकांच्या घराशी तिचा अधिक जवळचा संबंध आहे.

एखादे निवृत्त अधिकारी आहेत, असे समजू या. द्विपदवीधर, आयुष्यभर ताळेबंद वाचलेले. गेले वर्षभर ते एकच गोष्ट दिवसातून तीनदा सांगतात, विमा हप्त्याची तारीख दोनदा हुकली आहे, ठरलेल्या रस्त्यावरून घरी येताना एकदा चुकले आहेत. घरचे त्यांना तपासणीसाठी नेतात. ते शंभरातून सात झरझर वजा करतात, पंचकोन रेखीव काढतात, लिहिलेले वाक्य तर अलंकारिक असते. तीसपैकी अठ्ठावीस. “काही नाही हो, वयोमान आहे,” असे म्हणून त्यांची बोळवण होते. त्यांचे अठ्ठावीस कदाचित पाच वर्षांपूर्वीच्या त्यांच्या स्वतःच्या पातळीच्या तुलनेत मोठी घसरण असेल, पण चाचणीला त्यांचा भूतकाळ ठाऊक नाही. सिड ओब्रायंट आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवून दिले, की सोळा वा अधिक वर्षे शिक्षण झालेल्यांसाठी रेघ चोवीसवरून सत्तावीसवर न्यावी लागते.

यामागे ‘बौद्धिक राखीव निधी’ची कल्पना आहे, बँकेच्या वाचकांना ती चटकन कळेल. दीर्घ शिक्षण, बुद्धीला चालना देणारे काम, नित्य वाचन यांमुळे मेंदूला जणू एक गंगाजळी लाभते. आजार सुरू झाला तरी काही काळ व्यवहार या निधीतून चालू राहतात आणि वरवर सारे सुरळीत दिसते. न्यूयॉर्कचे याकोव्ह स्टर्न यांनी ही कल्पना विस्ताराने मांडली. तिची एक कटू बाजूही त्यांनी नोंदली आहे : आजार उघड झाल्यानंतर उच्चशिक्षितांची घसरण अनेकदा अधिक वेगाने होते, कारण तोवर आतले नुकसान बरेच पुढे गेलेले असते.

म्हणूनच अल्पशिक्षितांसाठी रेघ खाली आणली की सर्व न्याय्य झाले, असे मानणेही घाईचे ठरेल. लहानपणी शिक्षण न मिळणे हा स्वतःच स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारा घटक आहे. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये दिलेल्या चौदा टाळता येण्याजोग्या घटकांत त्याचा समावेश आहे. आजींचे कमी गुण हे काही अंशी परीक्षेचे अपयश असेल आणि काही अंशी खरोखरीचा आजारही असेल; रेघ फारच खाली नेली, तर तो आजार दृष्टीआड होईल. भारतातील साठीपुढील व्यक्तींच्या देशव्यापी पाहणीवरून २०२३ मध्ये जो अंदाज प्रसिद्ध झाला, त्यात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती, असे आले. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत ते अधिक होते. बल्लभगढच्या आकड्याशी त्याची थेट तुलना करता येणार नाही, कारण वयोगट आणि आजाराची व्याख्या दोन्ही निराळी आहेत. मात्र बल्लभगढचा धडा या पाहणीने गिरवला : वृद्धांना प्रश्न विचारलेच, आणि त्यांना ओळखणाऱ्या जवळच्या माणसालाही विचारले.

राखीव निधी केवळ शाळेतच साठतो, असेही नाही. हैदराबाद येथील निझाम्स आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाची लक्षणे एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसू लागली होती. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील विशेष म्हणजे हा लाभ निरक्षर रुग्णांतही आढळला. घरात तेलुगू आणि शेजारी दखनी बोलणाऱ्या बाईंनी शाळेविना मिळवलेली ही पुंजी कोणत्याही प्रमाणपत्रावर लिहिलेली नसते.

घरात आणि काउंटरवर

नोकरीनिमित्त मुले इंदूर, बंगळूर, हैदराबाद, दिल्ली येथे स्थायिक होतात आणि उतारवयात आई-वडील त्यांच्याकडे राहावयास जातात. मराठीखेरीज दुसरी भाषा न बोललेल्या आजींची चाचणी मग हिंदीत वा इंग्रजीत होते आणि मुलगा दुभाषाचे काम करतो. अशा वेळी गुणांत भाषेचाही वाटा मिसळतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने बौद्धिक चाचण्यांचा एक भारतीय संच तयार झाला आहे. त्याचा आरंभ हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांपासून झाला. त्या पहिल्या पाचांत मराठी नव्हती. आजींची शाळा किती वर्षे झाली, कोणत्या भाषेत झाली, आयुष्यभर कोणते काम केले, हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे आणि अहवालावर गुणांशेजारी लिहून घ्यावे. कमी ऐकू येणे, मोतीबिंदू, चष्मा घरी विसरणे यांनीही गुण जातात. थायरॉइडचा दोष, ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची कमतरता आणि नैराश्य यांमुळे तर खरोखरच स्मरण मंदावते, आणि त्यांवर उपचार आहेत.

बँकेच्या कर्मचाऱ्यांपुढे हा प्रश्न दुसऱ्या रूपात येतो. अंगठा उठवणारे ज्येष्ठ खातेदार गोंधळलेले वाटले, फॉर्मवरचा मजकूर त्यांना कळला नाही, तारीख विचारली आणि त्यांना सांगता आली नाही, की ‘यांना आता समजत नाही’ असा ग्रह होण्यास वेळ लागत नाही. उलट सुटाबुटातील, सफाईदार इंग्रजी बोलणाऱ्या गृहस्थांनी एकाच आठवड्यात मोठी रक्कम तिसऱ्यांदा काढली, तरी कोणाला शंका येत नाही. चाचणीतील चूक काउंटरवरही अशीच होते.

कायद्याची कसोटी या बाबतीत मोजकी आणि नेमकी आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२ नुसार, करार करतेवेळी तो समजून घेण्याची आणि आपल्या हितावर त्याचा काय परिणाम होईल याचा विचारपूर्वक निर्णय घेण्याची क्षमता असली, की ती व्यक्ती करार करण्यास सक्षम होय. त्यात अक्षरओळखीची अट नाही आणि वजाबाकीचीही नाही. “आजी, ही ठेव मोडली तर व्याज कमी मिळेल. पैसे कशासाठी हवेत?” असे त्यांच्या भाषेत, सावकाश आणि दुसऱ्या कोणी मध्ये न बोलता विचारले, तर त्या उत्तरावरून तीस गुणांच्या कागदापेक्षा अधिक कळते. नातीच्या लग्नासाठी, निम्मीच मोडा, उरलेली तशीच राहू द्या, असे ज्या सांगतात, त्यांना आपले हित पुरते उमगलेले असते.

वृद्ध, आजारी वा असमर्थ खातेदारांसाठी रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत अंगठ्याच्या किंवा पायाच्या अंगठ्याच्या ठशाची तरतूद आहे. त्यासाठी बँकेच्या ओळखीचे दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. त्या अधिकाऱ्याने ठशासाठी शाई पुढे करण्याआधी क्षणभर समोर बसून व्यवहार कशाचा आहे, हे खातेदाराच्याच तोंडून वदवून घ्यावे. एकच पासबुक भरून घेण्यासाठी सकाळ-दुपार येणे, काढलेली रक्कम काढलीच नाही म्हणून वाद घालणे, वर्षानुवर्षे स्वतः भरत आलेली स्लिप अचानक न जमणे, हे बदल मात्र साक्षर-निरक्षर कोणाच्याही बाबतीत सारख्याच काळजीने पाहावेत. तीस वर्षे एकाच शाखेत येणाऱ्या खातेदारांची जुनी रीत तेथील कर्मचाऱ्यांना ठाऊक असते, आणि दवाखान्यातील डॉक्टरांकडे नेमकी तीच माहिती नसते.